जन्मदात्यांचा शोध घेताना : महाराष्ट्रातून दत्तक गेलेल्या प्रौढांसाठी

वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या जन्माविषयीची माहिती मागण्यासाठी स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. त्यासाठी दत्तक आई-वडिलांची सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलाचा अर्ज मात्र त्यांच्यासोबत संयुक्तपणे करावा लागतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील दत्तक विनियमांत ही तरतूद आहे आणि सध्या लागू असलेल्या २०२२ च्या विनियमांतही ती कायम आहे. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, ‘तुम्हाला असे काही विचारताच येत नाही’ हे उत्तर अजूनही ऐकावे लागते आणि ते ऐकून माणसे दारातूनच परत फिरतात. ते उत्तर चुकीचे आहे.

याच तरतुदीला दुसरी बाजू आहे आणि तीही तितक्याच गांभीर्याने समजून घेतली पाहिजे. दत्तक व्यक्तीच्या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा येता कामा नये, असे विनियम सांगतात. मूल स्वाधीन करताना आईने आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर मूल दत्तक देणाऱ्या संस्थेने किंवा बाल कल्याण समितीने (निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने) तिची संमती घ्यावी लागते. तिने नकार दिला किंवा तिचा ठावठिकाणा लागला नाही, तरीही मूल कोणत्या कारणांनी आणि कोणत्या परिस्थितीत स्वाधीन केले गेले, हे दत्तक व्यक्तीला सांगितलेच पाहिजे. माझ्या मते शोधाची सगळी आखणी या शेवटच्या तरतुदीभोवती करावी. नाव मिळेल की नाही हे तुमच्या हातात नाही, पण तुमची हकिकत तुमची आहे आणि ती मागण्याचा अधिकार कोणाच्या नकाराने संपत नाही. म्हणून आधी कागद, मग हकिकत आणि माणूस सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटला, म्हणजे अर्धवट पत्त्यावरून थेट गाव गाठले, तर बहुधा कागदही हातचे जातात आणि माणूसही.

घरातील कागद आणि दत्तकाचा प्रकार

अर्ज करण्यापूर्वी घरात असलेले सर्व कागद एकत्र करावेत. न्यायालयाचा आदेश, दत्तकपत्र, जन्म दाखला, संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, लसीकरणाचे कार्ड, पहिला पासपोर्ट, संस्थेतून घरी आणतानाचे फोटो, यांपैकी प्रत्येक गोष्टीची दोन्ही बाजूंनी प्रत काढून ठेवावी. मागच्या बाजूवरचे शिक्के आणि पेन्सिलीने लिहिलेले आकडे पुष्कळदा समोरच्या मजकुरापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

दत्तक आई-वडील हयात असतील, तर शक्य तोवर त्यांना आधी सांगावे. कायद्याने ते आवश्यक नाही, परंतु संस्थेतील कोणत्या कार्यकर्तीने मूल हातात दिले, तिने बोलता बोलता काय सांगितले, मूल कोणत्या रुग्णालयातून आले असे कानावर पडले होते, ही माहिती कोणत्याही फायलीत नसते आणि त्यांच्यानंतर ती कोणालाच सांगता येत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांच्या पश्चातच शोध सुरू करणारे अनेक जण असतात. त्यांची माया समजण्यासारखी आहे, पण त्या वेळेपर्यंत संस्थेतील जुनी माणसेही उरलेली नसतात.

त्यानंतर आपले दत्तकविधान कोणत्या कायद्याखाली झाले हे ठरवावे, कारण कागद कोणत्या कचेरीत सापडतील हे त्यावरच अवलंबून आहे. भारतातील हिंदू कुटुंबात दत्तक गेलेल्यांचे प्रकरण बहुधा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली झालेले असते. आई-वडील अज्ञात असल्यास किंवा त्यांनी मूल सोडून दिले असल्यास संस्थेला पालक या नात्याने मूल दत्तक देण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागे. हा अर्ज मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात होत असे, आणि पुढे दत्तकपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात केली जाई. ख्रिस्ती, पारशी, मुस्लिम आणि परदेशी कुटुंबांना मात्र पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली केवळ पालकत्व मिळत असे. परदेशी कुटुंबाच्या बाबतीत प्रत्यक्ष दत्तकविधान नंतर त्या देशात पूर्ण होई. त्यामुळे परदेशात वाढलेल्या व्यक्तीची निदान दोन ठिकाणी दोन वेगळी प्रकरणे असतात, हे लक्षात ठेवावे. बाल न्याय अधिनियम, २००० मध्ये २००६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पुष्कळशी दत्तकविधाने त्या कायद्याखाली होऊ लागली. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नेला, तरी आज प्रौढ असलेल्या बहुतेकांचे आदेश न्यायालयाचेच आहेत आणि त्यांच्या प्रमाणित प्रतीसाठी त्या न्यायालयाच्या नक्कल विभागातच अर्ज करावा लागतो.

अर्ज कोठे करावा

मुख्य अर्ज दिल्लीतील केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे सर्वजण ज्याला ‘कारा’ म्हणतात त्या कार्यालयाकडे करावा. त्याच अर्जाची प्रत तुम्हाला दत्तक दिलेल्या संस्थेला, त्या जिल्ह्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि पुण्यातील महिला व बाल विकास आयुक्तालयाला पाठवावी. अर्जासोबत ओळखपत्र, दत्तक आदेशाची प्रत आणि संस्थेने ठेवलेले नाव व जन्मतारीख द्यावी. नेमके काय हवे आहे हे अर्जात वेगवेगळे लिहावे. दाखल नोंदवहीतील नोंदीची प्रत, बालक अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल, स्वाधीन केल्याचे किंवा सोडून दिल्याचे कागद आणि ज्या परिस्थितीत हे घडले त्याचे लेखी निवेदन अशा स्वतंत्र मागण्या केल्या, तर एका मागणीला नकार देणाऱ्याला उरलेल्या मागण्यांचे उत्तर द्यावेच लागते. ‘माझी सर्व माहिती द्यावी’ एवढ्याच एका वाक्याच्या अर्जाला एका वाक्यात नकार देणे सोपे असते.

संस्था बंद पडली असेल तर निराश होऊ नये. तिचे दप्तर कोणाकडे सोपवले, याची लेखी विचारणा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि आयुक्तालयाकडे करावी. माहितीचा अधिकार येथे उपयोगी पडतो, पण योग्य प्रश्नासाठी. आईचे नाव माहिती अधिकारात मागितल्यास वैयक्तिक माहितीचे कारण देऊन अर्ज फेटाळला जाईल. याउलट अमुक संस्थेचे दप्तर कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयाने ताब्यात घेतले, ते किती वर्षे जतन करण्याचा नियम आहे, नष्ट केले असल्यास त्याची नोंद कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे सरकारी कार्यालयाने द्यायलाच हवीत.

परदेशात वाढलेल्यांनी तिकडच्या मध्यस्थ संस्थेची, न्यायालयाची आणि स्थलांतर खात्याची फाइलही मागवावी. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात १९८४ साली परदेशी कुटुंबात जाणाऱ्या मुलांच्या दत्तकाची जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्यामुळे प्रत्येक प्रकरणात एका छाननी संस्थेचा अहवाल न्यायालयासमोर येऊ लागला. मुंबईत हे काम इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअरने केले. तो अहवाल न्यायालयाच्या प्रकरणात असतो आणि संस्थेची फाइल हरवली असली तरी तेथे सापडू शकतो. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की, मूल सज्ञान झाल्यावर त्याला जन्मदात्यांविषयी जाणून घ्यायचे असेल तर ती माहिती देण्याला गंभीर आक्षेप असू नये. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

परदेशी फाइलमध्ये जन्मदात्या आईची संमती आढळली नाही, तर त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक आणि थुरगाउ या कॅन्टनांनी, म्हणजे प्रांतांनी, १९७३ ते २००२ या काळात भारतातून झालेल्या दत्तकविधानांचा अभ्यास करवून घेतला, तेव्हा तपासलेल्या फायलींमध्ये जन्मदात्यांचे संमतिपत्र मिळाले नाही. असा कागद मुळात झालाच नव्हता, की तो भारतातच ठेवला गेला, हे भारतातील संस्था आणि न्यायालय या दोन्ही ठिकाणी तपासल्याशिवाय कळत नाही. गैरप्रकार झाले आहेत आणि त्यांकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील दत्तक संस्थांचीही केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत चौकशी गेलेली आहे. परंतु आपल्या बाबतीत गैरप्रकार झाला असे ठरवण्यापूर्वी दोन्हीकडचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

फाइल कशी वाचावी

फाइल मिळाल्यावर सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी : तुम्ही ‘स्वाधीन केलेले’ बालक होतात की ‘सोडून दिलेले’. स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत आई किंवा नातेवाईक संस्थेत आलेले असतात, कागदावर सही किंवा अंगठा असतो आणि सामाजिक कार्यकर्तीने तिच्याशी बोलून केलेली टिपणे असतात. आजच्या कायद्यात असा निर्णय बदलण्यासाठी जन्मदात्यांना दोन महिन्यांची मुदत आहे. सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत आईविषयी काहीही नसते. जे असते ते मूल कोठे, कधी आणि कोणाला सापडले याबद्दल. संस्थेच्या दारातील पाळण्यात ठेवलेल्या मुलाची नोंद तर अनेकदा तारीख, वेळ, वजन आणि अंगावरील कपडे एवढ्यावरच संपते. अशी फाइल हाती आलेल्या व्यक्तीला फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण बहुतेक वेळा कोणी काही लपवलेले नसते. संस्थेलाही तेवढेच माहीत असते.

दाखल नोंदवहीतील नोंद शब्दशः उतरवून घ्यावी. मूल कोणी आणले या रकान्यात पोलीस शिपायाचे नाव व बक्कल नंबर, पोलीस ठाणे, रुग्णालयातील समाजसेवकाचे नाव किंवा दुसऱ्या संस्थेचे नाव असते. प्रत्येक पत्रावरील आवक आणि जावक क्रमांक टिपून ठेवावेत, कारण ते पत्र दुसऱ्या ज्या कार्यालयात गेले तेथील नोंदवहीत त्याची जोडनोंद असते आणि एका ठिकाणचा कागद नष्ट झाला तरी दुसऱ्या ठिकाणचा उरलेला असू शकतो. पोलिसांमार्फत आलेल्या मुलाची नोंद पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत झालेली असते. क्वचित भारतीय दंड संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली, म्हणजे लहान मुलाला उघड्यावर टाकल्याबद्दल, गुन्हाही नोंदवलेला असतो. असा गुन्हा दिसला तर एक विचार मनात ठेवावा, की तुमच्या शोधामुळे ज्या बाईपर्यंत कोणी पोहोचेल, तिला सर्वांत आधी पोलिसांची भीती वाटेल. २०१५ च्या कायद्याने परिस्थितीमुळे मूल सोडावे लागलेल्या जन्मदात्यांना संरक्षण दिले आहे. ते तिला सांगावे लागते, कारण तिला ते ठाऊक असण्याची शक्यता कमी असते.

जुन्या नोंदी वाचताना जिल्ह्यांच्या बदललेल्या सीमा ध्यानात घ्याव्यात. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशिम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, तर पालघर २०१४ मध्ये झाला. फाइलमध्ये ‘जि. उस्मानाबाद’ असे लिहिलेले गाव आज लातूर जिल्ह्यात असू शकते आणि ‘जि. ठाणे’ लिहिलेला पाडा पालघरमध्ये. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावेही आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी बदलली आहेत. पोलीस ठाण्यांचेही विभाजन होत गेले आहे, त्यामुळे जुने दप्तर मूळ ठाण्यात आहे की नव्या ठाण्यात हे आधी विचारून घ्यावे.

फाइलमधील तीन गोष्टींवर फार विसंबू नये. पहिली जन्मतारीख. सापडलेल्या मुलाचे वय डॉक्टर अंदाजाने ठरवतात आणि त्यावरून तारीख निश्चित केली जाते. त्या तारखेवरून काढलेली पत्रिका किंवा प्रसूतीच्या नोंदवहीत नेमका तोच दिवस शोधणे, दोन्ही व्यर्थ आहे. मागचे-पुढचे काही आठवडे पाहावेत. दुसरी गोष्ट नाव. संस्थेने ठेवलेल्या नावावरून जात, धर्म किंवा गाव यांचा अंदाज बांधू नये. तिसरी गोष्ट, आणि ही पचवायला सर्वांत कठीण, म्हणजे आईने सांगितलेले नाव आणि पत्ता. अविवाहित किंवा विधवा आईला घरच्यांनी दूरच्या शहरात आणलेले असे, सोबत आलेला माणूस मामा की आणखी कोणी हे विचारण्याची सोय नसे, आणि तिने किंवा त्याने सांगितलेले नाव खरेच असेल याची खात्री देता येत नाही. तरीही खोट्या नावाआड खरा तालुका असतो, खरे वय असते, घरची खरी माणसे मोजलेली असतात. म्हणून कार्यकर्तीचे टिपण नावापेक्षा अधिक लक्ष देऊन वाचावे. कुटुंबात किती भावंडे, शेती किती, वडील काय करीत, आईचे शिक्षण किती, असे साधे तपशील सहसा बनावट नसतात.

गावाचे नाव हाती आले तर पुढची वाट महसुली दप्तराची आहे. जुन्या काळी गावातील जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात होत असे आणि ही पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात. शाळेचे जनरल रजिस्टर, सात-बारावरील फेरफार आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या यांतून एखाद्या घराण्याची शाखा ओळखता येते. मात्र हा मार्ग आईची संमती मिळाल्यानंतरचा आहे. तत्पूर्वी गावात जाऊन नोंदी उकरणे म्हणजे तिचे गुपित गावाच्या पारावर ठेवणे होय.

शहरात सोडून दिलेल्या मुलांसाठी एक वेगळा धागा वर्तमानपत्रांचा आहे. पालकांचा शोध लागावा म्हणून संस्था किंवा बाल कल्याण समिती मुलाचे छायाचित्र आणि निवेदन प्रसिद्ध करीत असे. फाइलमध्ये कात्रण नसले तरी दाखल तारखेच्या पुढच्या काही आठवड्यांतील स्थानिक दैनिके पाहावीत. पुण्याचे केसरी-मराठा ग्रंथालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे जुन्या अंकांविषयी विचारणा करता येते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालयात किंवा त्या दैनिकाच्याच कार्यालयात.

संस्थेविना झालेले दत्तक

नात्यातील दत्तकाची गोष्ट निराळी आहे. दिराचे मूल भावजयीने घेतले, बहिणीचे बहिणीने घेतले, अशा घरांत कागद म्हणजे बहुधा फक्त दत्तकपत्र असते आणि खरी माहिती वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. नोंदणी झालेल्या दत्तकपत्राची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळते. स्थावर मिळकतीच्या दस्ताप्रमाणे ती कोणालाही मिळत नाही, तर दस्त करणाऱ्यांना किंवा त्याखाली हक्क सांगणाऱ्यांना मिळते, आणि दत्तक व्यक्ती त्यात येते. त्या दस्तात जनक आई-वडिलांची नावे लिहिलेली असतात.

सर्वांत अवघड प्रकरणे खासगी प्रसूतिगृहातून परस्पर दिलेल्या मुलांची आहेत. जन्म दाखल्यावर वाढवणाऱ्या आई-वडिलांचीच नावे जन्मदाते म्हणून असतात, कोणतेही दत्तकविधान झालेले नसते आणि म्हणून काराकडे किंवा न्यायालयाकडे काहीही सापडत नाही. अशा व्यक्तीने कोणतीही लेखी विचारणा करण्यापूर्वी कौटुंबिक कायद्याच्या जाणकार वकिलाशी बोलावे, कारण विचारणा करताच वाढवणाऱ्या आई-वडिलांवर आणि स्वतःच्या वारसाहक्कावर त्याचे परिणाम होऊ शकतात. त्यानंतर प्रसूतिगृहाची नोंदवही, तेथील जुन्या परिचारिका आणि महापालिकेचे जन्म नोंदणी कार्यालय एवढेच मार्ग उरतात, आणि डीएनए.

डीएनए चाचणी

व्यापारी डीएनए चाचण्यांच्या संग्रहांत भारतात राहणाऱ्यांचे प्रमाण फारच थोडे आहे. त्यामुळे जवळचा नातेवाईक सापडण्याची आशा ठेवून चाचणी करू नये. परदेशात स्थायिक झालेला एखादा दूरचा चुलत-मावस भाऊ सापडला तरी पुष्कळ. निकाल वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या जातीतच विवाह होत आले आहेत आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. त्यामुळे दूरच्या नातेवाइकांमध्येही डीएनएचा सामाईक अंश प्रमाणापेक्षा जास्त दिसतो आणि संकेतस्थळ ज्याला तिसऱ्या पिढीतील भावंड म्हणते, तो प्रत्यक्षात पाच-सहा पिढ्यांपलीकडचा असू शकतो. आई-मूल किंवा सख्खी भावंडे यांबाबत मात्र निकाल निःसंदिग्ध असतो. म्हणून कागदांवरून एखादी व्यक्ती सापडली आणि तिची तयारी असली, तर दोघांची प्रयोगशाळेत थेट चाचणी करणे हा या शास्त्राचा खरा उपयोग आहे. नाव-गावावरून जुळले म्हणून ही चाचणी टाळू नये. चुकीच्या घरात गुंतलेले मन सोडवून घेणे फार क्लेशदायक असते.

आरोग्याच्या काळजीपोटी शोध घेणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे, की सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक आहोत का, हे स्वतःच्या रक्ताच्या तपासणीवरून कळते. विशेषतः विदर्भात किंवा नंदुरबारच्या पट्ट्यात जन्म झाल्याचा संकेत फाइलमध्ये असेल, तर लग्नापूर्वी किंवा मूल होण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. त्यासाठी जन्मदाते सापडण्याची वाट पाहू नये.

आईपर्यंत पोहोचताना

या टप्प्यावर काही जण खासगी गुप्तहेर किंवा ‘शोध लावून देणारे’ मध्यस्थ गाठतात. ते करू नये. तिऱ्हाइतामार्फत जन्मदात्यांचा शोध घेण्यास विनियमांनी मनाई केलेली आहे, संस्थांनी जन्मदात्यांची माहिती जाहीर करणेही निषिद्ध आहे, आणि पैसे घेऊन गावात चौकशी करणारा माणूस कोणाच्या घरात काय बोलून येतो यावर तुमचा ताबा राहत नाही. समाजमाध्यमांवर बाळपणीचा फोटो टाकून ‘ओळखत असाल तर कळवा’ असे आवाहन करणेही त्याच प्रकारचे आहे.

ज्या स्त्रीला शोधायचे आहे तिच्या जागी उभे राहून विचार करावा. १९८० च्या सुमारास सतरा-अठरा वर्षांची असलेली कुमारी माता आज साठीच्या पुढे आहे. तिचे लग्न झाले असेल, नवऱ्याला कदाचित काही ठाऊक नसेल, सुना-नातवंडे असतील. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच स्त्रियांसाठी; त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा, हे सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ मध्ये सुरू झाला, तोही याच गरजेतून. तेव्हापासून काळ पुष्कळ बदलला, पण लग्नाआधी मूल झालेल्या बाईकडे बघण्याची नजर आपल्या घराघरांतून गेली आहे असे मला वाटत नाही, आणि तिची शिक्षा मूल आणि आई दोघेही भोगत आहेत.

म्हणून पहिला संपर्क संस्थेच्या किंवा बाल कल्याण समितीने नेमलेल्या अनुभवी सामाजिक कार्यकर्तीनेच करावा आणि तिने तो आईशी एकटीशी, घराबाहेर करावा. घरच्या पत्त्यावर पत्र पाठवू नये. फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचे हे आधी ठरवावे. आरोग्य शिबिराचे किंवा बचत गटाचे खोटे निमित्त सांगण्यापेक्षा ‘नंतर फोन करते’ एवढेच बोलून थांबावे. नकार आला, तर तो लगेच अंतिम मानू नये आणि त्यावर दबावही आणू नये. पहिला नकार अनेकदा भीतीचा असतो. कार्यकर्तीने आपला क्रमांक तिच्याकडे ठेवून यावे आणि परत कधी बोलायचे ते तिच्यावर सोडावे.

तिच्यासाठी एक पत्र लिहून कार्यकर्तीकडे द्यावे. ते मराठीत, किंवा तिची जी बोली असेल त्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि एका पानात बसेल असे असावे, आणि तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवता येईल इतके साधे असावे. तुम्ही सुखरूप आहात, शिकलात, तुमच्याकडून तिला कसलाही त्रास होणार नाही आणि तुम्हाला तिच्याकडून पैसा किंवा मालमत्ता नको आहे, या चार गोष्टी त्यात स्पष्टपणे याव्यात. ‘मला का सोडले’ हा प्रश्न पहिल्या पत्रात लिहू नये. तो प्रश्न योग्यच आहे, पण त्याचे उत्तर समोरासमोर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, तिने स्वतःहून दिले तरच खरे मिळते. पत्र पोहोचवल्यावर ते तिच्याकडे ठेवायचे की परत आणायचे, हेही कार्यकर्तीने तिलाच विचारावे.

भेट ठरली तर ती संस्थेच्या कार्यालयात घ्यावी. परदेशातून येणाऱ्याने दुभाषी म्हणून स्त्री निवडावी, आणि ती त्या तालुक्यातील नसावी. भेटवस्तू साधी असावी. घरी नेल्यावर ज्याविषयी खुलासा द्यावा लागेल असे सोने, रोख रक्कम किंवा परदेशी वस्तू देऊ नयेत. फोटो तिच्या परवानगीशिवाय काढू नये आणि काढला तरी तो तिच्या फोनवर पाठवू नये. भावंडांविषयी विचारता येईल, पण त्यांच्याशी संपर्क साधण्याचा निर्णय तिचा आहे. वडिलांविषयीचा प्रश्न फार जपून विचारावा, कारण काही वेळा त्याचे उत्तर अत्याचार हे असते, आणि ते ऐकण्याची तयारी समुपदेशकाच्या मदतीने आधीच केलेली असावी.

कायद्याच्या बाजूने काय बदलते

जन्मदाते सापडल्यामुळे दत्तकविधान रद्द होत नाही आणि वाढवणाऱ्या आई-वडिलांशी असलेले नाते कायद्याने तसेच राहते. जन्मकुटुंबाच्या मालमत्तेत नव्याने हक्क निर्माण होत नाही. १९५६ च्या अधिनियमाखाली झालेल्या दत्तकविधानात एक बंधन मात्र आयुष्यभर टिकते : जन्मकुटुंबात ज्या नात्यात विवाह निषिद्ध होता, त्या नात्यात दत्तक गेल्यानंतरही विवाह करता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, पूर्वी भारतीय नागरिक असल्याच्या आधारावर, ओसीआय कार्डासाठी (मूळच्या भारतीयांना भारतात येण्या-जाण्याची कायम मुभा देणाऱ्या कार्डासाठी) अर्ज करता येतो. जुना भारतीय पासपोर्ट त्यासाठी मोलाचा ठरतो, आणि वारंवार येणे-जाणे करावे लागणाऱ्यांनी ते कार्ड शोधाच्या आरंभीच काढून घ्यावे.

शोध यशस्वी होवो वा न होवो, संस्थेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात एक सही केलेले पत्र ठेवून द्यावे. जन्मदाती आई किंवा सख्खे भावंड कधी चौकशीला आले, तर आपला संपर्क त्यांना देण्यास आपली संमती आहे, असे त्यात लिहावे आणि ते आपल्याच फाइलला जोडल्याची पोच घ्यावी. मूल दिल्यानंतर अनेक वर्षांनी एखादी बाई संस्थेत येऊन ‘माझे बाळ बरे आहे ना’ एवढे विचारते, तेव्हा गोपनीयतेच्या नियमामुळे तिला काहीच सांगता येत नाही. फाइलमध्ये तुमचे पत्र असेल, तर तिला काय सांगता येईल हे ठरवण्यासाठी निदान तुमची संमती हाताशी असते. पत्ता किंवा फोन क्रमांक बदलला की नवे पत्र द्यावे आणि जुन्या पत्राचा आवक क्रमांक त्यात नमूद करावा.